चोळण्याआधी चाचपून बघा: वाढत्या वयातल्या खेळाडूंची मालिश आणि दुखापतींपासून जपणूक

"सर, मना गुडघा दुखस. तेल लाई चोळी द्या ना."

ऑगस्ट लागून तालुक्याच्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक हाती आलं की हे वाक्य मैदानावर रोज कानावर पडतं. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे तिन्ही गट एकदम तयारीला लागतात, मैदान चिखलाने भरलेलं असतं आणि उन्हाळाभर हातपाय न हलवलेली पोरं पंधरा दिवसांत सगळी कसर भरून काढायला बघतात. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खेळ शिकवतो. पोरपणी तालमीत अंग रगडून घेतलंय, दुसऱ्यांचं रगडलंयही. आमच्याकडे बाळ जन्मलं की तेल आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यालाही हळद-लोण्याचा हात. त्यामुळे तेलावरचा माझा विश्वास घरचाच आहे. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मालिशीने दुखापत टळत नाही. मालिश करणारा हात जाणता असेल तर दुखापत लवकर सापडते, एवढंच.

२०२० मध्ये खेळाडूंच्या मालिशीवर झालेल्या २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ताकद, उडी, वेग, दम यांपैकी कशातही मालिशीने फरक पडलेला दिसला नाही. अंग थोडं मोकळं होतं आणि व्यायामानंतरचं ठणकणं थोडं कमी होतं, इतकाच फायदा निघाला. "चोळलं की लॅक्टिक ॲसिड निघून जातं" हे तालमीपासून जिमपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते ॲसिड शरीर स्वतःच तासा-दीड तासात निकाली काढतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ज्यामुळे बोंबलतात, त्या स्नायूंच्या धाग्यांना पडलेल्या बारीक चिरा असतात आणि त्या भरायला वेळच लागतो.

मग मालिश करायची कशाला? पोराला बरं वाटतं, झोप चांगली लागते, हे आहेच. पण आठवड्यातून दोनदा त्याच्या पायांवरून हात फिरला की कुठे सूज आली, कुठे हात लावताच तो दचकला, हे त्याने तोंडाने सांगायच्या आधी समजतं. या वयातली पोरं दुखणं लपवतात. संघातून नाव कटायची भीती असते ना!

आधी हाड, मग स्नायू

मोठ्या माणसाच्या आणि चौदा वर्षांच्या पोराच्या पायात मुख्य फरक हाडांचा. वाढत्या हाडाच्या टोकांजवळ मऊ कुर्चेची पट्टी असते, तिथून हाड लांबीला वाढतं. मुलींमध्ये या पट्ट्या साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ वर्षांच्या सुमारास भरत येतात. काही हाडांत आणखी उशिरा. तोवर सांध्याजवळची सगळ्यात कच्ची जागा हीच. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा पाय नुसता मुरगळतो, त्याच झटक्याने पोराची वाढीची पट्टी सरकू शकते. वरून दोन्ही सारखंच दिसतं: सूज, लंगडणं, रडणं. म्हणून "साधा मुरगळा आहे" हे वाक्य या वयात जपून वापरावं.

दुसरी भानगड उंचीची. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आगेमागे झपाट्याने वाढते. हाड पुढे पळतं, स्नायू मागून येतो. ताणलेला स्नायू ज्या ठिकाणी हाडाला चिकटलेला असतो तिथे ओढ बसते आणि दुखायला लागतं. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर नडगीचं हाड थोडं उचललेलं असतं, ते सुजून टेंगूळ येतं. १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी हा विकार वेगवेगळा वर्णिला, म्हणून त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. खो-खोत चौकात बसून झटक्याने उठणाऱ्या पोरांना तर तो ठरलेला. टाचेच्या मागच्या बाजूला असंच दुखलं तर त्याचं नाव सेव्हर. सकाळी अंथरुणातून उठताना किंवा पळून आल्यावर पोरगं चवड्यांवर चालायला लागलं की टाच दाबून बघा.

या दोन्हींत दुखऱ्या जागेवर चोळायचं नाही. हाड जिथे ओढलं जातंय तिथेच अंगठा रगडून आणखी काय मिळणार? मांडीच्या पुढच्या आणि पोटरीच्या स्नायूंना हलक्या हाताने मोकळं करायचं, उड्या आणि बैठका निम्म्यावर आणायच्या, खेळून आल्यावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायचा. दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या सकाळी उतरत असेल तर खेळ चालू ठेवता येतो. लंगडत असेल तर नाही. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं हे दुखणं आपोआप थांबतं. टेंगूळ मात्र कधीकधी कायमचं राहतं.

घरी करण्यासारखी एक सोपी गोष्ट सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पोराला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा आणि पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढला तर तो झपाट्याच्या काळात आहे. तेवढे महिने उड्या, दोरी, वजन सगळं आवरतं घ्या. आमच्या गल्लीतल्या एका घरी दोन भावांच्या अशा रेघा आहेत. धाकट्याच्या रेघा एका वर्षी इतक्या दूर-दूर गेल्या की त्याची आईच मला म्हणाली, "सर, यंदा याला लांब उडीतून काढा."

हात कुठे लावायचा नाही

कबड्डीच्या सरावात एका सोळा वर्षांच्या पोराच्या मांडीत समोरच्याचा गुडघा बसला. पोरगं उठलं, दोन चढाया करून घरी गेलं. रात्री मांडी सुजली. घरच्यांनी गावातल्या चोळणाऱ्या बाबांना बोलावलं. गरम तेल, जोरदार हात, चार दिवस सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी गुडघा अर्ध्याच्या पुढे वाकेना. महिन्याभराने एक्स-रे काढला तर स्नायूच्या आत हाडाची पांढरी सावली. मुक्या माराने स्नायूत रक्त साकळतं. ते ताजं असताना रगडलं, शेकलं, जबरदस्तीने ताणलं तर त्या जागी खरोखर हाड तयार होऊ शकतं. त्या पोराचा सगळा हंगाम गेला. बाबांचा हेतू वाईट नव्हता. माझा राग स्वतःवर, कारण पहिल्या संध्याकाळी मी मांडीला हात लावून बघितलंच नव्हतं.

कोपराच्या बाबतीत हा धोका सगळ्यात मोठा. पोरगं हातावर पडलं आणि कोपर सुजलं तर तेल, शेक, ओढून बसवणं, काहीही नाही. गळ्यात झोळी बांधायची आणि सरळ एक्स-रे. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं तर रक्तपुरवठा तुटून हात कायमचा वाकडा होऊ शकतो. कुठलीही पट्टी बांधल्यावर बोटं थंड, निळसर, बधिर झाली किंवा बोटं सरळ करताना पोरगं ओरडलं, तर पट्टी त्याच क्षणी सोडायची आणि दवाखाना गाठायचा.

ताज्या दुखापतीला पहिले तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचंही नाही. एवढा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं.

बाकी मालिश थांबवून डॉक्टरांना दाखवायची लक्षणं अशी. रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, विशेषतः गुडघ्याच्या वर-खाली आणि एकाच पायात. "वाढीचं दुखणं" म्हणून ते सोडून देऊ नका. दुखण्यासोबत ताप किंवा वजन उतरणं. सांध्यात न उतरणारी सूज. गुडघा दुखतो म्हणतो पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, चालताना पाय बाहेरच्या बाजूला पडतो: हे दुखणं बऱ्याचदा खुब्याचं असतं. अंगाने जड पोरांत खुब्याची वाढीची पट्टी घसरण्याचा धोका असतो, तिथे एक दिवसही घालवायचा नाही. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेलं दुखणं हे जास्त पळण्याचं लक्षण. तेच दुखणं रुपयाएवढ्या एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं बंद, हाडांचे डॉक्टर चालू. फार कसून घेतल्यानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

नंदुरबार, धुळ्याचा पश्चिम भाग, चोपडा-यावल-रावेरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या पोरांबद्दल एक वेगळी गोष्ट. या भागातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. हात, पाय, पाठ अचानक फार दुखायला लागली आणि पोराला सिकलसेल असेल तर ती थकलेल्या स्नायूंची कुरकुर नसते. चोळत बसू नका, पाणी पाजा, ऊब द्या आणि दवाखान्यात न्या. नुसता वाहक असलेल्या, म्हणजे आजार नाही पण आई किंवा वडिलांकडून त्याचा अंश आलेल्या पोरालाही कडक उन्हात, पाण्याविना, एकामागून एक दम काढणारे फेरे मारायला लावणं धोक्याचं. बरेच वाहक अगदी धडधाकट खेळतात, त्यांना संघातून काढायचं काही कारण नाही. विसावा आणि पाणी यांची काळजी घ्यायची. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी होते. हंगाम सुरू व्हायच्या आधी ती करून घ्या.

नायटा, गजकर्ण, गळू, ओली जखम असेल तिथेही हात नको. तालमीत एकाचा पंचा दहा जण वापरतात आणि मग अख्ख्या तालमीला नायटा होतो.

मालिश, पायरीपायरीने

सुरुवात परवानगीपासून. १८ वर्षांखालचं पोरगं असेल तर आई-वडिलांना माहीत हवं आणि त्या वेळी दुसरं मोठं माणूस तिथे हवं. बंद खोलीत नाही. मैदानाच्या कडेला, ओट्यावर, उघड्या दाराच्या खोलीत. मुलींची मालिश बाईमाणसानेच करावी. अंगावर खेळाचे कपडे राहू द्यावेत. जांघ, छाती, कुल्हे इथे दुसऱ्याचा हात नकोच, ते भाग पोरांनी स्वतः चेंडूने मोकळे करावेत. "नको" म्हटलं की विषय संपला. हे पोरांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा आणि कुणाचा हात खटकला तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे हेही सांगा.

तेल तिळाचं किंवा शेंगदाण्याचं, घरात असेल ते. महागड्या बाटलीने काही वेगळं होत नाही. एका पायाला दोन चहाचे चमचे पुरतात. नखं कापलेली, अंगठी-कडं काढलेलं, हात धुतलेले. तेल तळहातांत घासून कोमट करून घ्या.

आता पोटरी घेऊ, कारण पळणाऱ्याची पहिली तक्रार तिथेच. पोरगं पालथं झोपवा, घोट्याखाली घडी केलेली चादर ठेवा म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहील. तेल लावायच्या आधी कोरड्या बोटाने तपासणी: टाच दोन्ही बाजूंनी दाबा, घोट्याच्या दोन्ही हाडांवरून बोट फिरवा, नडगीच्या आतल्या कडेने वरपर्यंत या. तुमचं लक्ष तुमच्या बोटाकडे नको, पोराच्या चेहऱ्याकडे हवं. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. हाडावर दुखलं तर तेलाची बाटली तशीच ठेवून द्या.

हाड ठीक असेल तर दोन्ही तळहात घोट्यावर टेकवून वर सरकवा, गुडघ्याच्या मागच्या खळगीच्या चार बोटं खालीच थांबा. वर जाताना थोडा दाब, खाली येताना नुसता स्पर्श. रक्त हृदयाकडे परत जातं ती ही दिशा. असे आठ-दहा हात. मग मळणं. कळण्याच्या भाकरीचं पीठ तळहाताच्या मुळाने पुढे ढकलतात, तसा स्नायू हाडापासून थोडा उचलून ढकलायचा आणि सोडायचा. एकदा आतल्या बाजूला, एकदा बाहेरच्या. दोन मिनिटं पुरे. मळताना कुठे आवळलेली गाठ लागली तर तिच्यावर अंगठा ठेवून हळूहळू दाब वाढवा आणि वीस-तीस सेकंद तसाच धरून ठेवा. घासायचं नाही, धरायचं. गाठ बऱ्याचदा अंगठ्याखालीच ढिली पडते; नाही पडली तर परवा बघू. शेवटी पुन्हा लांब हलके हात.

दाब किती? "दहापैकी किती दुखतंय?" असं विचारत राहा, चारच्या वर जाऊ देऊ नका. पोरगं श्वास रोखून धरतंय, चटई मुठीत आवळतंय, तर तोंडाने "काही नाही सर" म्हणत असलं तरी तुमचा हात जास्त पडतोय. "रडवल्याशिवाय मालिश लागत नाही" हे तालमीतलं जुनं बोलणं पोरांच्या बाबतीत साफ चूक आहे.

मांडीचा पुढचा भाग, मागचा भाग याच पद्धतीने, तळपाय अंगठ्याने. दोन्ही पाय मिळून बारा-पंधरा मिनिटं. गुडघ्यामागची खळगी, कोपराची आतली बाजू, गळ्याचा पुढचा भाग इथे शिरा आणि नसा वरवर असतात, तिथे दाब नाही. पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना हात चालतो, मणक्यावर नाही. मान कडकन मोडून देणारे लोक यात्रेत भेटतात. त्यांच्यापासून पोरांना लांब ठेवा.

चोळणारं कुणी नसेल तर स्वयंपाकघरातलं लाटणं उत्तम चालतं, आईला विचारून. बसून पोटरीवर आणि मांडीवर खालून वर, एका स्नायूला मिनिटभर. तळपायाखाली टेनिसचा चेंडू. मी पोरांना हेच जास्त शिकवतो, कारण स्वतःचा हात स्वतःला दुखेल एवढा सहसा पडत नाही.

स्पर्धेच्या दिवशी

खोल, दाबाची मालिश स्पर्धेच्या दोन दिवस आधी संपवा. सामन्याच्या सकाळी फक्त भरभर हलका हात, पाच-सात मिनिटं, तोही तेलाशिवाय. कबड्डीत अंगाला तेल लावून उतरायला नियमानेच बंदी आहे आणि कुस्तीतही तेलकट अंग चालत नाही. हलक्या हाताने अंग मोकळं झालं तरी गरम होत नाही. त्यासाठी पळावंच लागतं.

बाम आणि स्प्रेबद्दल. त्याने दुखणं झाकलं जातं आणि झाकलेल्या दुखण्यावर पोरगं आणखी पळतं. वर क्रेप बँडेज गुंडाळलं तर कातडी भाजते. वेदनेची गोळी खाऊन सामन्याला उतरवणं हा तर मला गुन्हाच वाटतो, मग अंतिम सामना का असेना.

सामना संपला की लगेच आडवं पडू देऊ नका. पाच-दहा मिनिटं चालू द्या, पाणी, केळं, मग मालिश. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची कमी नाही, तरी पोरं स्पर्धेला वेफर्सची पाकिटं घेऊन येतात!

दुखापत खरोखर कशाने टळते

नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सरावाच्या सुरुवातीला वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. त्या व्यायामात जादू काहीच नाही: हळू पळणं, एका पायावर तोल, पोट-कंबरेची ताकद, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून नीट खाली येणं आणि पळता पळता दिशा बदलणं. मैदान सोडून काही लागत नाही. आमच्याकडे मी तो कबड्डी आणि खो-खोला जुळवून घेतलाय.

पाच मिनिटं हळू पळणं, त्यात आडवी पावलं आणि उलटं पळणं. मग कोपरांवर फळीसारखं अंग धरणं, वीस-तीस सेकंद, तीनदा. मग गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे धरायचे आणि कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकत जायचं, तोल जाईल तिथे हात टेकायचे. सुरुवातीला तीन-चारच, महिन्याभराने सात-आठ. दुसऱ्या दिवशी मांड्यांचा मागचा भाग ठणकतो, घाबरू नका. मग एका पायावर उभं राहून जोडीदाराशी चेंडूची फेकाफेक. शेवटी उड्या, आणि इथे मी सगळ्यात जास्त ओरडतो: खाली येताना गुडघा आत पडता कामा नये. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा, आणि आवाज "धप्प" नाही, मांजरासारखा. गुडघ्यातली दोरी, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून मुलींच्या संघात तर याला सुट्टीच नाही. हे आठवड्यातून किमान दोनदा.

दुसरी गोष्ट भार. आठवड्याला जितके तास खेळायचं तो आकडा पोराच्या वयापेक्षा जास्त नको: चौदा वर्षांचा असेल तर चौदा तास, आणि त्यात शाळा, अकॅडमी, तालीम, सगळं आलं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातून दोन-तीन महिने तो एक खेळ बाजूला ठेवून दुसरं काही, पोहणं म्हणा, सायकल म्हणा. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हापासून आमच्याकडची बारा-तेरा वर्षांची पोरंही त्यांच्यासारखे जोर-बैठका काढायच्या हट्टाला पेटतात. त्यांना सांगावं लागतं की पैलवानाचा खुराक आणि पैलवानाचा आकडा वर्षानुवर्षं चढत गेलेला असतो. आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा, त्याहून जास्त नाही.

हीच चूक भरतीवाल्यांची. सतरा-अठराची पोरं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर १६०० मीटर रोज घड्याळ लावून मारतात, पायात फाटके बूट. रोज परीक्षा दिली तर अभ्यास कधी होणार? घड्याळ आठवड्यातून एकदाच लावा, बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश, मातीच्या शिवाररस्त्याने पळा. आणि झोपा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंना जास्त दुखापती झाल्याचं २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. पहाटे चारला उठायचं तर रात्री आठला मोबाइल बंद करून अंथरुणात. एवढं जमत नसेल तर सहाला उठा.

मैदान. आमची काळी माती उन्हाळ्यात पाय अडकेल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होते. सराव सुरू करण्याआधी सगळ्यांनी एका ओळीत मैदान चालून खडे, काचा, खळगे बघायचे. तीन मिनिटांचं काम. मातीवर सराव केलेला संघ मॅटवर खेळायला गेला की पाय जास्त पकडतो आणि गुडघे पिळवटतात, तेव्हा शक्य असेल तर दोन-चार सराव मॅटवर करून जा.

ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. सकाळी सातनंतर आणि संध्याकाळी साडेसहाच्या आधी मैदानावर पोरं नकोत. पोटरीत गोळा आला तर जोरात चोळू नका: सावलीत बसवा, गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं पोराच्याच अंगाकडे ओढून धरा, गोळा सुटला की मग हलका हात. मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी किंवा ओआरएस. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. पण पोरगं बरळायला लागलं, लडखडलं, अंग तापलेलं लागलं तर तो गोळा-बिळा नाही, ऊष्माघात आहे. कपडे सैल करा, बादल्यांनी गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघतानाही पाणी ओतणं थांबवायचं नाही.

मुलींबद्दल थोडक्यात. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "खेळतेय म्हणून" असं म्हणून सोडू नका. बहुतेक वेळा पोटात पुरेसं जात नसतं आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. वजनगटासाठी जेवण तोडणाऱ्या कुस्तीच्या मुलांनाही हेच लागू.

पाय मुरगळला तर

पहिलं काम म्हणजे चालवून बघणं. चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला अथवा पायाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरच्या उंचवट्यावर दाबून दुखलं, तर एक्स-रे. नसेल तर पाय उंच ठेवा, क्रेप बँडेज बोटांकडून वर हलकं गुंडाळा, बर्फ दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं. तीन दिवस तेल नाही.

चौथ्या दिवसापासून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढायला लावा, दिवसातून दोनदा. दुखऱ्या जागेच्या वर, पोटरीवर हलका हात आता चालतो, सूज असलेल्या जागेवरून नुसता पिसासारखा वरच्या दिशेने. चालताना लंगडणं गेलं की एका पायावर उभं राहणं; आधी डोळे उघडे ठेवून तीस सेकंद, मग डोळे मिटून. ते जमलं की हळू पळणं, मग सरळ जोरात, मग वळणं घेत. आधी सगळं एकट्याने, मग संघासोबत सराव, मग सामना. एका पायरीवर किमान एक दिवस.

सामन्याला सोडण्याआधी मी एकच परीक्षा घेतो. मातीत एक रेघ ओढायची आणि दुखऱ्या पायावर लंगडी घालत तिच्या अलीकडे-पलीकडे वीस उड्या मारायच्या. मग चांगल्या पायावर तेवढ्याच. दोन्हींना लागलेला वेळ जवळजवळ सारखा आला आणि चेहरा वेडावाकडा झाला नाही, तर नाव यादीत. नाहीतर त्या सामन्यात तो गुण मांडायला बसतो, माझ्या शेजारी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एका पायरीने मागे जाऊन सुरुवात.